बाबांना आरटीएमएस सुचवलंय: मात्रा मेंदूपर्यंत पोहोचते का, ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ७१ वर्षांचे, सोलापूरच्या पूर्वभागात राहतात, सगळी हयात यंत्रमागावर गेली. बीपी आणि शुगर दोन्ही आहे. गेले दहा महिने कशातच मन नाही. खुर्चीत बसून राहतात, जेवण निम्म्यावर आलंय, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. नैराश्यासाठी एस्सिटालोप्राम ही गोळी झाली, मग मिर्टाझापीन जोडलं, फारसा फरक नाही. एमआरआयच्या कागदावर ‘एज रिलेटेड सेरेब्रल अॅट्रोफी, क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस’ असं लिहून आलंय. आता डॉक्टरांनी आरटीएमएस सुचवलंय. मुलगा विचारतो: हा शॉकच ना? मेंदू आधीच आकसलाय, त्यावर मशीन लावलेलं झेपेल का? आणि गुण येईल का?

शॉक नाही. आरटीएमएस म्हणजे डोक्यावर कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, ठेवून बाहेरून मेंदूला चुंबकाचे ठोके देणं. भूल नाही, फिट आणली जात नाही, माणूस जागा राहतो आणि संपल्यावर उठून चालत घरी जातो. झेपण्याचं म्हणाल तर सत्तरीतल्या बहुतेकांना नीट झेपतं. गुण येईल का, याचं उत्तर मात्र मशीन कोणत्या कंपनीचं आहे यावर फारसं ठरत नाही. आकसलेल्या मेंदूपर्यंत पुरेशी मात्रा, म्हणजे ठोक्यांचा जोर, पोहोचते का, आणि सेशन पुरती होतात का, यावर ते ठरतं. म्हातारपणी आरटीएमएस ‘लागू पडलं नाही’ म्हणतात, त्यातल्या बऱ्याच केसेसमध्ये मात्राच कमी पडलेली असते. म्हणून या उत्तरात सगळ्यात जास्त जागा मी मात्रेला देणार आहे.

आधी त्या एमआरआयच्या कागदाकडे या. ‘अॅट्रोफी’, म्हणजे आकसणं, वाचून घाबरू नका, सत्तरीतल्या बऱ्याच रिपोर्टांवर हा शब्द असतो. आपल्या कामाचा भाग दुसरा आहे, ‘स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस’. मेंदूच्या खोल भागाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या केसासारख्या बारीक असतात. वीस-तीस वर्षं बीपी आणि शुगर चढी राहिली की त्या कडक होतात, आणि त्यांच्या आसपासच्या तंतूंना रक्त कमी पडतं. स्कॅनवर तिथे पांढरे ठिपके दिसतात. रेडिओलॉजिस्ट त्यांना फझेकास श्रेणी देतात, ० ते ३. श्रेणी १ या वयात सर्रास सापडते. २ आणि ३ असेल तर मनावर, चालीवर आणि विचारांच्या वेगावर परिणाम दिसण्याची शक्यता वाढते.

हे ठिपके कुठे पडतात ते महत्त्वाचं. कपाळामागच्या भागातून तंतू निघतात, खोलवरच्या कॉडेट नावाच्या केंद्राकडे जातात, तिथून थॅलॅमसकडे आणि परत कपाळामागे. काम ठरवणं, हातात घेणं, अडलं तर दुसरी वाट काढणं, हे या फेरीतून चालतं. वडिलांना मागाच्या भाषेत सांगता येईल: साध्या मागावर ताण्याचे चार धागे तुटले तरी माग चालू राहतो, कापड निघत राहतं, फक्त त्यात लांबच लांब रेघ पडत जाते. मेंदूत या फेरीतले धागे तुटले की माणूस ‘चालू’ असतो, पण उठून अंघोळीला जायचं हे ठरवून उठण्यातच दुपार होते. रडारड फार नसते. विचारलं तर ‘काय नाही, बरं आहे की’ एवढंच उत्तर. घरचे त्याला आळस म्हणतात.

अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ जॉर्ज अलेक्झोपोलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये याला रक्तवाहिन्यांशी जोडलेलं नैराश्य म्हणून मांडलं. ठिपके असलेला प्रत्येक जण उदास होत नाही, हे खरंच. पण साठीनंतर पहिल्यांदाच नैराश्य आलं आणि सोबत हा मंदपणा असेल, तर या कारणाचा विचार करावाच लागतो. अशा लोकांना नेहमीच्या गोळ्यांचा गुण कमी येतो, हे वारंवार दिसलेलं आहे.

दुसरी बाजू कुढण्याची. मेंदू रिकामा बसला की एक जाळं जागं होतं, ज्यात स्वतःबद्दलचे, मागचे-पुढचे विचार फिरतात. नैराश्यात ते बंदच होत नाही. त्याला जोडून कपाळाच्या मागे, खाली, मध्यरेषेजवळ एक छोटा भाग आहे, सबजेन्युअल सिंग्युलेट. नैराश्यात त्याची धावपळ वाढलेली असते. कपाळाच्या डाव्या बाजूला वरच्या अंगाला डॉर्सोलॅटरल प्रीफ्रंटल नावाचा पट्टा आहे. तो जागा असला की सबजेन्युअल शांत राहतो, आणि तो मंदावला की उलटं होतं. सबजेन्युअलपर्यंत बाहेरून चुंबक पोहोचत नाही, डावा पट्टा मात्र कवटीच्या लगेच खाली आहे. म्हणून आरटीएमएसची कॉइल तिथे ठेवतात: वरून चेतवायचं, म्हणजे आतलं शांत होतं. आठवडे का लागतात, तर एका सेशनचा परिणाम विरतो, पण रोज त्याच जागी त्याच लयीत ठोके पडले की पेशींमधले जोड हळूहळू पक्के होतात. वय वाढतं तशी ही घडी बसायला वेळ लागतो.

आता अर्ध्या तासाचं आणि कमी खर्चाचं, पण सगळ्यात जास्त चुकवलं जाणारं काम: मशीनआधीची तपासणी. टीएसएच (थायरॉइडसाठी), बी-१२, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), शुगर आणि सोडियम. सोडियमवर मी अडून बसतो. एस्सिटालोप्रामसारख्या गोळ्या म्हाताऱ्यांमध्ये सोडियम उतरवतात. त्यात बीपीसाठी क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड चालू असेल तर आणखी उतरतं, आणि एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीपार गेला, माणूस घामेजून नुसतं पाणीच पीत राहिला, की आणखी. सोडियम १३५ च्या खाली उतरत गेलं की माणूस सुस्त होऊ शकतो, गोंधळू शकतो, तोल जाऊ शकतो, आणि घरचे म्हणतात नैराश्य वाढलं. शिवाय सोडियम फार उतरलेलं असेल तर फिट येण्याचा धोका वाढतो, आणि आरटीएमएसमधला सगळ्यात गंभीर धोका तोच आहे. बीपीच्या गोळीच्या पाकिटावर नावाच्या शेवटी ‘एच’ किंवा ‘सीटी’ (याच दोन औषधांची खूण) आहे का ते बघा आणि डॉक्टरांना दाखवा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

गोळ्यांची पिशवी पूर्ण न्या, दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेल्याही. गुडघेदुखीसाठी ट्रामाडॉल चालू आहे का, दम्यासाठी थिओफायलिन असलेली गोळी आहे का, नैराश्यासाठी बुप्रोपिऑन आहे का, हे बघायचं, कारण ही औषधं फिटचा उंबरठा खाली आणतात. झोपेसाठी क्लोनाझेपाम किंवा लोराझेपाम चालू असेल तर अडचण उलटी आहे: अशा गोळ्या घेणाऱ्यांमध्ये आरटीएमएसचा गुण कमी दिसतो. पण ती गोळी मशीन सुरू होतंय म्हणून एका रात्रीत थांबवली, तर त्यामुळेच फिट येऊ शकते. बऱ्याच आधीपासून, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करत आणायची, नाहीतर आहे तेवढीच, रोज त्याच वेळी ठेवायची. मधल्या काळात डोस बदलला तर मशीनचा जोर पुन्हा मोजायला हवा. हे मशीनवाल्यांना सांगायचं काम घरच्यांचं आहे, कारण त्यांना ते कळायला दुसरा मार्ग नसतो. दारूचंही तसंच: रोज घेणाऱ्याने अचानक सोडून दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसू नये.

धातूचा प्रश्न सगळेच विचारतात. मोतीबिंदूची भिंग, गुडघ्याचा सांधा, हृदयातला स्टेंट, दातांचं भरण, यांनी सहसा काही अडत नाही. कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतली चुंबकीय धातूची क्लिप, मेंदूत बसवलेलं इलेक्ट्रोड असेल तर आरटीएमएस करायचं नाही. पेसमेकर असेल तर हृदयाच्या डॉक्टरांचं पत्र मिळेपर्यंत थांबायचं. लेथवर काम केलेल्या माणसाच्या डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का, हेही विचारून घ्या. पूर्वी मोठा लकवा येऊन गेला असेल, फिट आली असेल, किंवा डोक्यावर पडल्यानंतर हे सगळं सुरू झालं असेल, तर आधी एमआरआय डॉक्टरांनी स्वतः बघायला हवा. नुसत्या रिपोर्टवर भागत नाही.

मग कान. पूर्वभागातल्या माणसाबद्दल हे वेगळं सांगावं लागतं. तीस-चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढलेल्या माणसाला ऐकू कमी येतं, बहुतेक वेळा उंच स्वर आधी जातात. तो बोलण्यातून बाजूला होतो, लग्नात कोपऱ्यात बसतो, प्रश्नाला नुसती मान हलवतो. हे निम्मं नैराश्यासारखं दिसतं आणि निम्मं खरोखर नैराश्य आणतं. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. नैराश्याची प्रश्नावली विचारताना समोर बसून, सावकाश आणि घरच्या भाषेत विचारा. घरात तेलुगू किंवा कन्नड चालत असेल आणि प्रश्न छापील मराठीत आले, तर उत्तरं ‘हो हो’ अशीच येतात. पंधरा प्रश्नांची जीडीएस प्रश्नावली या वयाला सोयीची आहे, सगळी उत्तरं हो किंवा नाही. ५ आणि त्याहून जास्त गुण आले तर पुढे तपासायचं. याच बैठकीत एका मिनिटात ‘प’पासून किती शब्द सांगता येतात तेही बघतात. शाळा कमी झालेल्या माणसाला अक्षराऐवजी भाज्यांची किंवा प्राण्यांची नावं विचारतात. शब्द आठवतात पण मध्येच थांबतो, तेच-तेच परत सांगतो, तर वर सांगितलेल्या फेरीवर संशय जातो. शब्दच हरवलेत, कालचं जेवण आठवत नाही, रस्ता चुकतो, तर स्मृतिभ्रंशाची वेगळी तपासणी लागेल. या वयात नव्याने आलेलं नैराश्य कधीकधी स्मृतिभ्रंशाची पहिली पायरी असतं.

कॉइलचा प्रत्येक ठोका मोठ्याने टक् वाजतो, आणि कॉइल कानापासून वीतभर अंतरावर असते. दोन्ही कानांत प्लग घालायचेच, ‘मला तसंही ऐकू येत नाही’ म्हणणाऱ्यालाही, कारण उरलेलं ऐकणं जपायचं आहे. प्लग सैल बसला तर उपयोग नाही. फोमचा प्लग बोटांत गोल पिळून बारीक करायचा, कान वर ओढून आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. श्रवणयंत्र बाहेर काढून ठेवायचं.

आता खुर्चीत काय होतं. पहिल्या दिवशी तास-दीड तास जातो. डोक्याला आदल्या दिवशी तेल लावू नका, कॅप सरकते आणि खूण टिकत नाही. मोजपट्टीने तीन मापं घेतात: नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत, एका कानापुढच्या टोकापासून माथ्यावरून दुसऱ्या कानापर्यंत, आणि डोक्याचा घेर. या तीन आकड्यांवरून एफ-३ नावाचा बिंदू काढतात. तीच डाव्या पट्ट्याची जागा. जुनी पद्धत अशी की अंगठा हलतो ती जागा शोधायची आणि तिथून सरळ ५ सेंटिमीटर पुढे सरकायचं. मोठ्या डोक्यात ही जागा बऱ्याचदा मागेच राहते, म्हणजे हालचालीच्या भागावर ठोके पडत राहतात आणि मनाचा भाग तसाच. तुमच्याकडे पट्टी न काढता ‘पाच सेंटिमीटर’ म्हणाले, तर नम्रपणे विचारा की एफ-३ काढणार का.

मग मोटर थ्रेशोल्ड. कॉइल डोक्याच्या डाव्या बाजूला हालचालीच्या भागावर ठेवून एकेक ठोका देतात आणि उजव्या हाताचा अंगठा बघतात. १० पैकी ५ ठोक्यांना अंगठा जेमतेम उडेल इतका कमीत कमी जोर, तो त्या माणसाचा थ्रेशोल्ड. हात मांडीवर सैल, पंजा वर. मूठ आवळली तर आकडा खोटा, खरा आहे त्याहून कमी येतो. उपचार या आकड्याच्या साधारण १२० टक्क्यांवर चालतो.

वय वाढलं की चूक होते ती इथे. चुंबकाचा जोर कवटीपासून आत जाताना झपाट्याने घटतो. कॉइलखाली २ ते ३ सेंटिमीटरपर्यंतच काम होतं. टाळू आणि मेंदू यांतलं अंतर १ मिलिमीटरने वाढलं की तोच परिणाम मिळवायला मशीनचा जोर साधारण ३ टक्क्यांनी चढवावा लागतो. म्हातारपणी मेंदू आकसतो तो सगळीकडे सारखा नाही. कपाळामागचा भाग हालचालीच्या भागापेक्षा जास्त आकसतो. म्हणजे अंगठा हलवायला लागणारा जोर मोजला ती जागा कवटीच्या जवळ, आणि उपचार करायचा ती जागा तीन-चार मिलिमीटर आत गेलेली. अशा डोक्यात कागदावर १२० टक्के लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्ष पोहोचतात शंभरीच्या आसपास. हे टाळायचे मार्ग दोन. एमआरआयवर दोन्ही जागांचं टाळूपासूनचं अंतर पट्टीने मोजायचं आणि फरकाप्रमाणे जोर वाढवायचा. एमआरआय तुमच्याकडे आहेच, सीडी घेऊन जा, नुसता कागद नको. किंवा खोलवर पोहोचणारी एच कॉइल वापरायची. ६० ते ८५ वयाच्या लोकांवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या कॉइलने चार आठवड्यांत ४० टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले, तुलनेसाठी लावलेल्या खोट्या मशीनवर १५ टक्क्यांच्या आसपास.

जोर वाढवला की टाळू दुखते, आणि मग टेक्निशियन दयेपोटी जोर कमी करतो. ही दया महाग पडते. पहिले तीन-चार दिवस ९० किंवा १०० टक्क्यांपासून रोज चढवत न्यायचं, कॉइलचा कोन किंचित बदलून बघायचा, गरज वाटली तर अर्धा तास आधी पॅरासिटामॉल. पापणी आणि गाल फडफडतात, दात वाजतात. सैल कवळी काढून ठेवायची. आठवड्याभरात बहुतेकांना सवय होते. नंतरही १२० सहन होत नसेल तर तसं फाइलवर लिहून घ्या, निदान मात्रा किती मिळाली ते पुढच्या डॉक्टरांना कळेल.

नेहमीचा प्रकार १० हर्ट्झचा: ४ सेकंद ठोके, २६ सेकंद विश्रांती, असे ७५ वेळा, एकूण ३,००० ठोके, साडेसदतीस मिनिटं. दुसरा प्रकार थीटा बर्स्ट: २ सेकंद ठोके, ८ सेकंद थांबा, ६०० ठोके, तीन मिनिटांच्या थोडंसं पुढे. ‘तीन मिनिटांत काय होणार, पैसे मात्र तेवढेच’ ही तक्रार नेहमी येते. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ४१४ जणांच्या अभ्यासात तीन मिनिटांचा प्रकार साडेसदतीस मिनिटांच्या प्रकाराहून कमी ठरला नाही. आपल्या वयोगटासाठी त्याहून उपयोगी अभ्यास २०२२ चा, कॅनडातला: साठीपुढच्या १७२ जणांना दोन्ही बाजूंनी उपचार दिला, एका गटाला चार मिनिटांचा, दुसऱ्याला पाऊण तासाहून मोठा. दोन्हींत साधारण एक-तृतीयांश लोक पूर्ण बरे झाले. पाऊण तास मान ताठ ठेवून बसणं ७१ व्या वर्षी, मानेला स्पाँडिलोसिस असताना, सोपं नसतं. डोकं सरकलं की जागा चुकते. मी असतो तर या वयात थीटा बर्स्ट आधी निवडला असता.

एक-तृतीयांश कमी वाटतं का? २०२३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात, दोन औषधांनी गुण न आलेल्या साठीपुढच्या लोकांना तिसरं औषध जोडून किंवा बदलून बघितलं, तर सर्वांत चांगल्या गटातही पूर्ण बरे होणारे ३० टक्क्यांच्या आतच राहिले, आणि बुप्रोपिऑन जोडलेल्या गटात पडण्याचं प्रमाण सर्वांत जास्त होतं. आरटीएमएसने माणूस पडत नाही, सोडियम उतरत नाही, लघवी अडत नाही. फिट येण्याची शक्यता हजारात एकाहून कमी. पहिल्या दिवशी चक्कर मात्र काहींना येते, बहुतेक वेळा उपाशीपोटी आलेल्यांना. एकादशी असो, सोमवार असो, उपास धरून खुर्चीत बसवू नका. शुगरची गोळी घेऊन उपाशी तर मुळीच नको.

सेशन किती? आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे, म्हणजे ३०. त्यानंतर तीन आठवड्यांत तीन, दोन, एक अशी उतरण. १० सेशननंतर ‘काही फरक नाही’ म्हणून सोडणारे पुष्कळ. म्हाताऱ्यांमध्ये विसाव्या सेशननंतर फरक दिसू लागणं नेहमीचं आहे. आधी झोप सुधारते, मग भूक, मग अंगात हुरूप, आणि मन सगळ्यात शेवटी. घरच्यांना ते आधी दिसतं: स्वतःहून पेपर मागितला, शेंगाचटणी कमी तिखट झाली म्हणून कुरकुर केली. पेशंट मात्र त्या आठवड्यातही ‘तसंच आहे’ म्हणेल. म्हणून दर शनिवारी तीच प्रश्नावली भरा आणि आकडा लिहून ठेवा. तिसाव्या सेशनपर्यंत आकडा जागचा हलला नाही, तर थांबायचं. आणखी पॅकेज घ्यायचं नाही.

पुण्याला जाऊन पाच दिवसांत दिवसाला दहा सेशन, असा वेगवान प्रकारही ऐकू येतो. तो खरा आहे, पण मूळ प्रकारात प्रत्येकाचा वेगळा एमआरआय काढून जागा ठरवतात, दोन सेशनमध्ये पन्नास मिनिटांचा थांबा असतो आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथेच थांबावं लागतं. सत्तरीपुढच्यांचा अनुभव अजून तुटपुंजा आहे. गावातच सोय होत असेल तर सहा आठवड्यांचा रस्ता बरा.

खर्च विचारताना एका सेशनचा दर विचारून समाधान मानू नका. थ्रेशोल्ड मोजण्याचे वेगळे पैसे आहेत का, उतरणीची सहा सेशन धरली आहेत का, मशीन बंद पडलं तर बुडालेले दिवस भरून देतात का, हे विचारा. उन्हाळ्यात हे शेवटचं खरंच घडतं: कॉइल तापते, ठरावीक तापमानाला मशीन आपोआप थांबतं, एसी नसलेल्या खोलीत दुपारी तीनला ते लवकर थांबतं. सकाळची वेळ मागा. बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढ्याहून एसटीने रोज ये-जा करणाऱ्यांनी तर सकाळचीच. मधले एक-दोन दिवस चुकले तर बिघडत नाही, शेवटी जोडायचे. आठवडाभर खंड पडला तर थ्रेशोल्ड पुन्हा मोजून घ्यायचा.

स्वस्त आणि घरी लावता येणारं म्हणून टीडीसीएसबद्दलही विचारणा असते. त्यात चुंबक नाही, २ मिलिअँपिअरचा मंद विद्युत प्रवाह दोन ओल्या स्पंजांतून २० ते ३० मिनिटं सोडतात, एक स्पंज एफ-३ वर. पुरावा मिश्र आहे. २०१७ मध्ये ते एस्सिटालोप्रामच्या तोडीचं ठरलं नाही. २०२३ मध्ये चालू गोळ्यांना जोड म्हणून दिलं तर खोट्या उपकरणापेक्षा सरस ठरलं नाही. २०२४ मध्ये घरी देखरेखीखाली दहा आठवडे वापरलं तर सरस ठरलं. दोन औषधांनी न हललेल्या नैराश्यासाठी मी त्यावर वेळ घालवणार नाही. तरी कुणी वापरत असेल तर एक गोष्ट: कातडी भाजते ती स्पंज कोरडा पडल्याने, नळाचं पाणी वापरल्याने किंवा कपाळावर भस्म, गंध, तेल तसंच ठेवून पट्टी बांधल्याने. कपाळ पुसा, स्पंज सलाइनने भिजवा, ठिबकेपर्यंत नको, आणि जळजळ वाढत गेली तर बंद करा. ऑनलाइन मिळणारी नऊ व्होल्टच्या बॅटरीवरची जोडणी डोक्याला लावू नका.

शेवटी शॉकबद्दल, म्हणजे ईसीटी. तुमच्या वडिलांना आज ते लागेल असं वर्णनावरून दिसत नाही. पण जेवण निम्म्यावर आलंय, म्हणून रेषा कुठे आहे ते माहीत असू द्या. अन्नपाणी पूर्ण सोडलं, ‘माझी आतडी कुजलीत’, ‘घरावर जप्ती येणार’ असं नसलेलं ठामपणे बोलू लागले, तासन्‌तास एकाच अवस्थेत बसून राहिले, किंवा जीव देण्याची भाषा आणि तयारी दिसली, तर आरटीएमएसच्या सहा आठवड्यांची वाट बघायची नाही. तिथे ईसीटी जास्त चालतं आणि लवकर चालतं, आणि म्हाताऱ्यांत तर तरुणांपेक्षाही चांगलं. साठीपुढच्या २४० जणांच्या अमेरिकेतल्या अभ्यासात उजव्या बाजूने, अतिशय छोट्या लहरींनी दिलेल्या ईसीटीने, सोबत व्हेनलाफॅक्सीन ही नैराश्याची गोळी देऊन, सुमारे ६२ टक्के लोक पूर्ण बरे झाले, सरासरी सात-आठ वेळांत. सिनेमात दाखवतात तसं बांधून, जागेपणी शॉक देणं आपल्याकडे बेकायदा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी देण्यावर बंदी घातली आहे. विसरायला होतं, ते खरं. बहुतेक त्या आठवड्यांपुरतं, आणि उजव्या बाजूच्या पद्धतीत कमी. जीव देण्याबद्दल बोलले तर त्याच दिवशी सिव्हिलच्या किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्याच्या तातडीच्या विभागात न्या. रात्री-अपरात्री काय करावं सुचत नसेल तर टेलिमानस, १४४१६. तिथे मराठीत बोलता येतं. घरातलं कीटकनाशक आणि जादा गोळ्या आजच कुलपात ठेवा.

आरटीएमएस चालू असताना चालू गोळ्या थांबवायच्या नाहीत. बरं वाटल्यावरही निदान वर्षभर नाहीत. काहींना सहा-बारा महिन्यांत पुन्हा घसरण होते, आणि पहिल्यांदा गुण आलेला असेल तर दुसऱ्यांदा बहुधा येतो, तेही कमी सेशनमध्ये. त्यासाठी शेवटच्या दिवशी फाइलवर लिहून घ्या: मशीनचं आणि कॉइलचं नाव, थ्रेशोल्डचा आकडा, उपचार किती टक्क्यांवर झाला, डोक्याची तिन्ही मापं, ठोक्यांचा प्रकार, आणि कितव्या सेशनला प्रश्नावलीचा आकडा उतरायला लागला.